तीन मिलीची कुपी

डिसेंबरातल्या एका सकाळी माझ्या कमरेत उसण भरली आणि सरळ उभे राहणे अशक्य झाले. नौपाड्यातल्या आमच्या घरापासून दवाखाना चालत सात-आठ मिनिटांवर आहे, पण त्या दिवशी तेवढ्यासाठी रिक्षा करावी लागली आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मणक्यात वेगळा मोजता आला. डॉक्टरांनी तपासले, चिठ्ठीवर काही लिहिले आणि मला आतल्या लहान खोलीत पाठवले. खोलीत स्पिरिटचा गार वास होता, भिंतीला टेकून सलाइनचा स्टँड उभा होता आणि गजांच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. "ताई, कुशीवर वळा आणि पाय ढिला सोडा," असे म्हणत सिस्टरने काचेची एक कुपी उचलली, तिच्या मानेवर नखाने टिचक्या मारून औषध खाली उतरवले आणि कापसाच्या बोळ्यात धरून ती मान मोडली. टक् असा बारीक, कोरडा आवाज झाला. रिकामी कुपी तिने माझ्या डोळ्यांसमोरच्या ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा तिच्यावरची अक्षरे मला वाचता आली. डायक्लोफेनॅक सोडियम, ३ मिली.

सुई टोचल्याचे मला कळलेसुद्धा नाही. मी त्या कुपीकडे पाहत होते आणि माझ्या तोंडून नकळत प्रश्न निघून गेला, "सिस्टर, याची मोठी बाटली तुम्ही कधी पाहिली आहे का?" ती जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची असेल. कापूस दाबून धरत ती म्हणाली, "नाही हो ताई, पहिल्यापासून एवढीच येते." अर्ध्या तासात माझी कमर सुटली, मी चालत घरी आले, दुपारी स्वयंपाकही केला. पण ते "पहिल्यापासून" मात्र माझ्या मनातून जाईना.

पहिल्यापासून ती एवढीच येत नव्हती. लहान कुपी पूर्वीही होती, पण औषधाच्या दुकानात तिच्या शेजारी याच औषधाची ३० मिलीची बाटलीही असे. माणसाला एका वेळी इतके औषध लागत नाही. गाय-बैलाचे वजन माणसाच्या कित्येक पट असते, त्यामुळे त्यांना टोचायला मात्र ती मोठी बाटली सोयीची पडे. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, तरी माणसांसाठी बनवलेल्या मोठ्या बाटल्या गुरांपर्यंत पोहोचतच राहिल्या. म्हणून २०१५ साली केंद्र सरकारने माणसांचे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन एका वेळच्या, ३ मिलीच्या कुपीतच विकावे, असा नियम केला. काही औषध कंपन्या त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली तो नियम कायम राहिला. दहा कुप्या फोडून बैलाला टोचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. हे सगळे एका पक्ष्यासाठी करावे लागले. माझ्या कमरेवर टोचलेल्या औषधाचे माप गिधाडांनी ठरवले होते, आणि ते टोचणाऱ्या मुलीने गिधाड कधी पाहिलेले नव्हते.

मी पाहिली आहेत. आमचे मूळ गाव मुरबाडच्या पुढे, सह्याद्रीच्या भिंतीखाली आहे. ठाण्याहून कल्याणमार्गे एसटीने जाताना मुरबाड मागे पडले, की उजव्या-डाव्या हाताच्या डोंगरांना धार येऊ लागते आणि हवा बदलते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे महिनाभर तिथे असायचो. म्हसा गावच्या पौषातल्या जत्रेलाही एक-दोनदा आजोबांबरोबर गेल्याचे आठवते. तिथला गुरांचा बाजार, शिंगांना लावलेला हिंगूळ, गोंडे, घुंगरमाळा, उपरण्याखाली बोटे दाबून ठरणारे सौदे आणि शेणाचा, गवताचा, तळलेल्या भज्यांचा एकत्र झालेला वास माझ्या मनात अजून तसाच आहे. त्याच बाजारात आजोबांनी हरण्याला घेतला होता. तांबूस अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला हा बैल आजोबांच्या हाकेला मान वळवून ओ दिल्यासारखा पाही.

१९९६ च्या उन्हाळ्यात हरण्या म्हातारा झाला होता. त्याचा मागचा पाय सांध्यात सुजला होता आणि उठताना त्याच्या नाकपुड्या थरथरत. त्याला विकून टाकावे असे घरात कोणी सुचवले असेलही, पण आजोबांनी ते ऐकून घेतले नसणार. काका सायकलवरून जाऊन गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी मानेवर थाप मारून जाड सुईचे इंजेक्शन टोचले आणि दोन दिवसांनी पुन्हा आले. दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या संध्याकाळी हरण्या आपला आपण उठला आणि गोठ्याच्या दारापर्यंत आला. आजी चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली होती. आजोबा त्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिले. ते एरवी फार बोलणारे नव्हते आणि त्या दिवशीही काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती सुटका मला इतक्या वर्षांनंतरही स्पष्ट दिसते. चौथ्या दिवशी पहाटे हरण्या गेला.

त्याला गावाबाहेरच्या माळावर नेले. आम्हा मुलांना तिकडे जायची मनाई होती, म्हणून आम्ही बांधावरच्या करवंदीच्या जाळीआडून पाहत होतो. कातडे काढणारी माणसे आपले काम आटोपून गेली तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. आभाळात आधी एकच ठिपका होता, मग दोन झाले, आणि पाहता पाहता डोंगराच्या अंगाने एकामागून एक ठिपके येऊन एकाच अदृश्य विहिरीत उतरावेत तसे गोल फिरत खाली सरकू लागले. पंख न हलवता इतक्या मोठ्या देहाने खाली येणे मी तोवर पाहिले नव्हते. जमिनीजवळ आल्यावर मात्र वाऱ्यावर ओली ताडपत्री फडफडावी तसा आवाज झाला. तीस-चाळीस तरी असतील. उघड्या मानेची, पाठीवर पांढरा पट्टा असलेली ती गिधाडे दोन्ही पायांवर उड्या मारत, फिस्कारत, एकमेकांच्या अंगावर चढत होती. मला भीती वाटली, किळस आली आणि हरण्यासाठी रडूही आले. तासाभराने सगळे शांत झाले. माळावर पांढरी हाडे उरली होती, आणि जड झालेली गिधाडे पंख अर्धवट पसरून उन्हात बसली होती. वास जवळजवळ नव्हताच. संध्याकाळी आजोबा म्हणाले, "झालं, त्याचं सगळं नीट झालं."

हे दृश्य मी वर्षानुवर्षे एका चांगल्या निरोपाची आठवण म्हणून जपले होते.

त्याच वर्षांत, राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची मोजदाद करत होते. ऐंशीच्या दशकात जिथे झाडे घरट्यांनी भरलेली होती, तिथे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडे दिसू लागली. मान हळूहळू खाली झुके, पक्षी दचकून ती वर घेई, पुन्हा झुके, आणि असे काही दिवस चालल्यावर तो खाली पडे किंवा फांदीतच अडकून राही. कारण कळायला पुढे काही वर्षे गेली. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या गटाने ते शोधले आणि २००४ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केले. मेलेल्या पक्ष्यांचे पोट उघडले, की काळजावर, यकृतावर चुना फासावा तसा पांढरा थर दिसे. मूत्रपिंडे बंद पडली होती आणि शरीराबाहेर जायचे ते युरिक आम्ल अवयवांवर साचले होते. मरण्यापूर्वी थोडे दिवस डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावराचे मांस त्यांनी खाल्लेले असे.

गुरांना हे औषध उपयोगी पडत होते. ते स्वस्त होते, लवकर गुण देई, लंगडणारे जनावर त्यामुळे उभे राही. आणि गिधाडे एकेकटी जेवत नाहीत, पन्नास-पन्नास जणांची पंगत एकाच जनावरावर बसते, त्यामुळे शंभर मेलेल्या जनावरांमागे एकाच्याच अंगात औषध असले, किंवा त्याहूनही कमी प्रमाण असले, तरी सगळी जमात ढासळायला ते पुरेसे होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारातले एखादे उरावे इतकी कमी झाली. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांमधली शंभरातली सत्त्याण्णव गेली. इतक्या वेगाने इतके पक्षी नाहीसे झाल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत. या तिन्ही जाती आज 'अतिसंकटग्रस्त' या यादीत आहेत, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी कडेला उभ्या आहेत.

हे सारे मी प्रथम वाचले तेव्हा माझे पहिले गणित हरण्याचे होते. इंजेक्शन आणि मरण यांच्यात दोन-चार दिवसांचेच अंतर होते, वर्ष १९९६ होते आणि त्या वेळी हे औषध गुरांच्या डॉक्टरांच्या पेटीत नवे नवे आले होते. मी काकांना फोन केला. "कोणतं इंजेक्शन होतं ते, आठवतंय का?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, नाव कोण विचारतंय? पाय दुखायचा थांबला, तेवढंच ठाऊक." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "का गं, काय झालं?" मी त्यांना काही सांगितले नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्याने बापाच्या बैलासाठी भर उन्हात आठ मैल सायकल मारली, त्याला मी हे कशासाठी सांगायचे? आजोबांचा तो पाठीवरून फिरणारा हात आणि त्या दुपारी उन्हात पंख पसरून बसलेली तृप्त गिधाडे, ही दोन चित्रे माझ्या मनात एकमेकांशेजारी उभी राहतात आणि एकालाही मी पुसू शकत नाही. कोणाच्या हावेमुळे प्राणी संपला, की रागवायला एक जागा सापडते. वाघाच्या कातड्याच्या, हस्तिदंताच्या, खवल्या मांजराच्या खवल्यांच्या व्यापाऱ्यांवर मी मनापासून संतापू शकते. इथे तर गावोगावच्या गोठ्यांत लोकांनी आपल्या जनावराचे दुखणे थांबावे म्हणून धडपड केली होती.

गिधाडांविषयी आपल्या भाषेतही काही चांगले नाही. टपून बसणारा, लचके तोडणारा, दुसऱ्याच्या मरणावर जगणारा तो गिधाड, असे आपण सहज बोलून जातो. पण जिवंत प्राण्याला हे गिधाड सहसा हात लावत नाही. आणि तेच आपण कसारा घाट चढून, घोटीच्या बाजूने सर्वतीर्थ टाकेदला जातो, कुंडातले पाणी डोळ्यांना लावतो, कारण रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू तिथे पडला आणि त्याची तहान भागवायला रामाने सगळी तीर्थे तिथे बोलावली, अशी श्रद्धा आहे. मी आईबरोबर तिथे गेले होते. आई कितीतरी वेळ हात जोडून उभी होती. परतताना ती म्हणाली, "आमच्या लहानपणी कितीतरी होती, आता एक दिसत नाही." देवळाच्या आवारात उभे राहून मीही वर पाहिले. डिसेंबरचे निळे आभाळ होते, त्यात दोन घारी होत्या.

ठाण्यात वर पाहिले तरी घारीच दिसतात. कळव्याच्या पुलावरून खाडी ओलांडताना, जांभळी नाक्याच्या बाजारावर, येऊरच्या पायथ्याशी त्या सतत फिरत असतात, आणि आमच्या इमारतीतली मुले त्यांनाच बोट दाखवून गिधाड म्हणतात. मी त्यांना शेपटीची खाच दाखवते, आकारातला फरक सांगते, पण तुलनेला दुसरा पक्षीच नसेल, तर फरक कशाशी सांगायचा? माझ्या सासूबाई गिरगावात वाढल्या. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीवर, पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवर, घिरट्या घालणारी गिधाडे त्यांना चाळीच्या गच्चीतून दिसत. त्यांच्याबद्दल त्या आजही जरा कुजबुजल्यासारख्या बोलतात. पारशी समाजाचा शेकडो वर्षांचा अंत्यविधी या पक्ष्यावर उभा होता, आणि पक्षी गेल्यावर तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

गावी गेल्यावर मी आता माळाकडे फिरकत नाही. गेल्या वेळी गेले, तर वाऱ्याबरोबर आलेल्या वासाने अर्ध्या वाटेतून परतावे लागले. एक म्हैस तिथे आठवडाभर पडून होती आणि तिच्याभोवती दहा-बारा कुत्री होती. त्यांतले एक माझ्याकडे तोंड करून उभे राहिले आणि जागचे हलले नाही. गिधाडाच्या जठरातले आम्ल इतके तीव्र असते, की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही त्यात टिकत नाहीत. तो पक्षी रोग गिळून संपवत होता. कुत्री आणि उंदीर तो पसरवतात. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची दगावली, असा अंदाज मांडला आहे. मी तो आकडा वाचला, तेव्हा हातातला चहा तसाच निवून गेला. माणसाच्या उपयोगाचा हिशेब करूनच एखाद्या जिवाची किंमत ठरवावी, हे मला पटत नाही. तरीही, ज्यांना गिधाडाबद्दल काहीच वाटत नाही, त्यांच्यासाठी हा हिशेब मांडावा लागतो, आणि मी तो मांडते.

काही गोष्टी सुधारल्या आहेत. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना बाधत नाही, हे सिद्ध झाल्याला आता बरीच वर्षे झाली आणि आमच्या गावाकडे येणारे डॉक्टर तेच वापरतात. काकांच्या गाईला दिलेल्या इंजेक्शनची बाटली मी गेल्या पावसाळ्यात कोनाड्यातून काढून स्वतः वाचून पाहिली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही औषधेही जनावरांसाठी वापरायला २०२३ साली बंदी आली. त्यांतले असेक्लोफेनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनते. हरियाणात पिंजोरला गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे, आणि तिथे वाढवलेली वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. चाळीस पक्ष्यांचा थवा एका दुपारी विष खाऊन संपू शकतो. तेवढे चाळीस पुन्हा उभे राहायला किती उन्हाळे लागतील?

दोन वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गेले होते. तिथे महाडच्या सिस्केप संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी असलेली झाडे राखली आहेत. जंगलातल्या वाटेने, बोलायचे नाही असे ठरवून, आम्ही चालत गेलो. पाचोळ्याचा आवाजही मोठा वाटत होता. एका उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्यांचे पसरट घरटे होते आणि त्याच्या कडेला ते बसले होते. तोवर माझ्या मनात गिधाडाचे चित्र म्हणजे त्या माळावरची झोंबाझोंबी होती. इथे ते एकटे, खांद्यात मान घालून, पावसाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखे स्वस्थ बसून होते. थोड्या वेळाने त्याने मान उचलून आमच्याकडे पाहिले. ती मान खाली झुकली नाही. मी बराच वेळ केवळ तेवढेच पाहत होते, की ती झुकत तर नाही ना. याच किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ येऊन गेले होते आणि वाटेत आडवी झालेली झाडे अजून कुजत पडली होती. ज्याचे सगळे वर्ष एका अंड्यावर उभे आहे, त्याला एक फांदी मोडणेही परवडत नाही.

आठ दिवसांनी कमरेने पुन्हा डोके वर काढले आणि मला परत त्याच दवाखान्यात, त्याच खोलीत जावे लागले. इंजेक्शन नको म्हणावे, असे एकदा मनात आले. पण माझ्या देहाला गिधाड खाणार नाही आणि माझ्या दुखण्याने त्याचे काही भलेही होणार नाही, हे मला कळत होते. मी कुशीवर वळले. सिस्टरने कुपी उचलली, पण मान मोडण्याआधी ती थांबली आणि लेबल वाचू लागली. "ताई, मागच्या वेळी तुम्ही मोठ्या बाटलीचं विचारलं होतं ना, मी आमच्या मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, पूर्वी यायची म्हणून. का बंद झाली ते मात्र त्यांना माहीत नाही." मी तिला सांगितले. बैलाचे, माळाचे, चुन्यासारख्या पांढऱ्या थराचे, सगळे सांगितले. ती कुपी हातात धरून ऐकत राहिली. बाहेर कोणी तरी तिला हाक मारली, तेव्हा "आले, दोन मिनिटं," असे ती दारातून म्हणाली आणि परत आली.

"केवढं असतं हो ते? घारीएवढं?"

मी हात पसरून दाखवायला गेले आणि कमरेतून कळ निघाली. "तुम्हीच पसरा हात," मी म्हटले. तिने कुपी ट्रेमध्ये ठेवली, सलाइनचा स्टँड एका बाजूला सरकवला आणि खोलीच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात ताणले. तिच्या एका हाताची बोटे खिडकीच्या गजांना लागली.

"एवढं?"

"अजून," मी म्हणाले. "दोन्हीकडे अजून."

तिने टाचा उचलल्या.